टिटवी ओरडत का नाही

चैत्र लागला की मी उन्हाळ्याची यादी करते. शाळेचे निकाल लावायचे, वर्षाचं तिखट कुटून आणायचं, दिवाळे गावच्या मासेवाल्या मावशीला सुक्या बोंबलांचं आणि सुकटीचं आधीच सांगून ठेवायचं, गाद्या गच्चीवर नेऊन उन्हात टाकायच्या, माठ बदलायचा. यादी कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलेली असते आणि काम झालं की मी त्यावर रेघ मारते. आई जेवढी रेघ मारताना खूश होते तेवढी सणालाही होत नाही, असं माझी मुलगी शोभा म्हणते. म्हणू दे. रेघा मारल्याशिवाय घर चालत नाही.

एक गोष्ट मात्र यादीत न लिहिताच दर उन्हाळ्यात येते. यांच्या कंपनीचं शटडाउन. तळोज्याचा कारखाना वर्षातून एकदा दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. टाक्या रिकाम्या करून धुतात, पाइप उघडतात, मोठी यंत्रं थांबवतात. हे कंप्रेसर हाउसला आहेत, म्हणजे जिथे हवा दाबून सगळ्या कारखान्याला पुरवतात तिथे. त्यांची यंत्रं थांबली की ते घरी. मग बेलापूरच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. समोर अजून इमारत न उठलेला प्लॉट आहे, खडी पसरलेला, आणि त्याच्या पलीकडे खाडी. दुपारी ओहोटी लागली की तिकडून चिखलाचा खारट, जरासा कुजका वास येतो. सोसायटीत नवीन आलेली माणसं पटापट खिडक्या लावतात. मी उघड्या ठेवते. तो वास आला की ओठांवरून जीभ फिरवावीशी वाटते, आणि फिरवली की मीठ लागतं. घामच असतो तो. पण मला वाटतं, कुठेतरी मीठ पिकायला लागलंय.

काल गॅलरीतून ते म्हणाले, "आज तर मशीन बंद आहे ना?"

मी भाजी चिरत होते. उठून त्यांच्यासमोर गेले आणि मान हलवली.

"मग हे काय वाजतंय?"

मी पुन्हा भाजी चिरायला बसले.

आमचं गाव जासईच्या बाजूला. माझं माहेर पेणचं. लग्न होऊन मी तिथे गेले आणि गावच्याच शाळेत मास्तरीण झाले. मीठ म्हणजे मला तोवर स्वयंपाकघरातल्या बरणीतली वस्तू ठाऊक होती. सासरी आल्यावर कळलं की मीठ पिकतं, त्याला हंगाम असतो, आणि त्या हंगामात घरातल्या पुरुषमाणसाच्या पायांना भेगा पडतात त्या पावसातच भरतात. सासऱ्यांकडे थोडी भाताची खारी जमीन होती आणि मिठागराचा एक तुकडा होता. भरतीचं पाणी बांधातल्या दारातून आत घ्यायचं. त्या दाराला उघाडी म्हणतात. मग ते पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवत राहायचं. ऊन आपलं काम करतं. पाणी जड होतं, तांबूस होतं, त्यावर सायीसारखा पापुद्रा धरतो आणि एक दिवस तळाशी मीठ बसतं. मग लांब दांड्याच्या फळीने ते ओढून बांधावर राशी घालायच्या. दुपारी त्या राशींकडे बघवत नाही, डोळ्यांत पाणी येतं. संध्याकाळी त्याच राशी गुलाबी होतात आणि मी माहेरी लिहिलेल्या पत्रांत तेवढंच लिहायचे. भेगांचं नाही.

मी सांगते तो हंगाम यांच्या परतण्याचा. हे तोफखान्यात होते. लग्नाआधीपासून. वर्षातून एकदा रजेवर यायचे, काळ्या लोखंडी पेटीत शोभासाठी लोकरीचं काहीतरी घेऊन यायचे, जे आमच्याकडच्या उकाड्यात तिला कधीच घालता यायचं नाही. घरातलं सगळं त्या एका नोकरीच्या भोवती मी बसवलं होतं. पेन्शनला तीन वर्षं राहिली होती. ती झाली की काय काय करायचं हे माझ्या डोक्यात क्रमाने लावलेलं होतं.

तशात तळोज्याहून बोलावणं आलं.

नव्या शहरासाठी जमिनी घेतल्या तेव्हा प्रत्येक घरातल्या एकाला नोकरी लावू, असं सांगितलं होतं. एकालाच. त्याचं नाव तेव्हाच लिहून घेतलं होतं. नंतर इतकी वर्षं काहीच झालं नाही. गावात कुणी ती गोष्ट काढली की बाकीचे हसायचे. आणि एके दिवशी खरंच बोलावणं आलं, आणि त्यावर नाव होतं यांचं. सरकारी नोकरीत असलेल्या थोरल्या मुलाचं. धाकटा नारायण मॅट्रिक होऊन घरी बसला होता, मिठाच्या गाड्या भरून देत होता, त्याचं नाव नव्हतं.

मी नारायणभावजींना घेऊन कचेरीत गेले. तिथले साहेब वाईट नव्हते. पंख्याखाली बसायला सांगितलं, पाणी दिलं. म्हणाले, "बाई, नाव बदलता येत नाही. ज्याचं नाव त्यानं यायचं. तो येत नाही म्हणाला तर घराचा हक्क संपला."

"पण त्यांना नोकरी आहे. यांना नाही. घर एकच आहे ना?"

"मला कळतंय," साहेब म्हणाले. त्यांना खरंच कळत होतं, त्याचाच मला राग आला. न कळणाऱ्याला समजावता तरी येतं.

मी यांना पत्र लिहिलं. दोन्ही बाजू मांडल्या. तिकडची तीन वर्षं आणि मग पेन्शन, इकडची कायमची नोकरी. भात गेलं, आता मिठागरावरही भराव पडणार असं म्हणतात, ते लिहिलं. सासऱ्यांचं वय लिहिलं. शेवटी लिहिलं, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. आज वाटतं, हे वाक्य माणूस तेव्हाच लिहितो जेव्हा करण्यासारखं एकच उरलेलं असतं. त्यांचं उत्तर चार ओळींचं आलं. घरगुती कारणासाठी नोकरी सोडण्याचा अर्ज दिला आहे. शोभाला आशीर्वाद.

होळीच्या पुढेमागे ते आले. काळी पेटी, बिस्तरा, पेटीवर पांढऱ्या रंगात रंगवलेला नंबर. एसटीतून उतरले तेव्हा निम्मा गाव थांब्यावर. सासऱ्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ते बोलणारे नव्हतेच.

तळोज्याची मेडिकल व्हायला अजून अवकाश होता. तोवर मिठागराचा हंगाम भरात आलेला. हे दुसऱ्या दिवशीपासून वडिलांबरोबर जायला लागले. मला वाटलं, बरं झालं, मन रमेल. दुपारची शाळा सुटली की मी आणि शोभा भाकऱ्या घेऊन बांधावरून जायचो. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. तांबूस पाण्यात पाठमोरे दोघं, एक वाकलेला, एक अजून कवायतीत असल्यासारखा ताठ.

शोभा लांबून हाक मारायची, "बाबाऽ! ओ बाबाऽ!"

ते वळायचे नाहीत. सासरे हातातल्या दांड्याने उघाडीच्या फळीवर धप्प करून मारायचे, तेव्हा दोघंही बघायचे.

"बाबा माज्याशी बोलत नाय," शोभा फुरंगटायची. गावातल्या पोरांत राहून ती गावचंच बोलायची. वर्षातून एकदा भेटणारा बाप, त्याला तिची सवय नाही, असं मी स्वतःला सांगितलं. घरात मी काही विचारलं तर कधी उत्तर यायचं, कधी नाही. शेजारच्या बायका पाणी भरताना हसायच्या. "मास्तरीनबाय, तुजा नवरा काय बायकोला जाब देत नाय वाटतं. मिलिटरीचा ताठा हाय बाय!" मीही हसायचे. ताठा असेलही, म्हटलं. इतकी वर्षं ज्यांचं ऐकायचं ते हुकूम देणारे, आता हुकमाशिवायचं बोलणं ऐकायची सवय मोडली असेल.

सासऱ्यांची तक्रार वेगळी होती. मीठ ओढायची वेळ झाली की नाही हे ते कानाने ठरवायचे. वाफ्यात उतरून टाचेने हलकेच दाबायचं. मीठ नीट बसलेलं असेल तर बारीक करकर होते, पिठूळ असेल तर होत नाही. लहानपणी हे काम यांचं होतं, असं सासरे अभिमानाने सांगायचे. पोरगा पाय ठेवायचा आणि सांगायचा, आज नको, उद्या. आता हे वाफ्यात उतरायचे, टाच दाबायचे, आणि वडिलांच्या तोंडाकडे बघायचे.

"झालं का बाबा?"

"तू सांग ना."

"तुम्हीच सांगा."

घरी आल्यावर सासरे मला म्हणाले, "मिलिटरीत जाऊन मीठ इसरला गं तो." त्यांना त्याचं फार लागलं होतं. नोकरी सोडून आलेल्या मुलाला निदान हे तरी परत मिळावं, असं त्यांना वाटत असावं.

आणि पानाच्या टपरीवरचा तो प्रसंग. नारायणभावजींनी मला सांगितला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत कौतुक होतं. गावातला एक म्हातारा, जिभेला हाड नसलेला, यांच्या पाठीमागून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय रं दामा, पेन्शन घेऊन आलास का पलून आलास?" हे सुपारी कातरत होते. सावकाश वळले, म्हाताऱ्याकडे बघून छान हसले, आणि त्याच्यापुढे सुपारी धरली. म्हातारा इतका वरमला की नंतर दिसला तर आधी हाच रामराम करायचा. "वैनी, दादा लय मोठ्या मनाचा," भावजी म्हणाले. मीही तसंच समजले. दोन दिवस त्या गोष्टीवर मी आतून फुलून होते.

मग ती संध्याकाळ आली. ऊन उतरलं होतं. भाकरी खाऊन झाली होती, सासरे लांबच्या वाफ्यात होते, शोभा बांधावर शंख वेचत होती. आमच्या डोक्यावर एक टिटवी घिरट्या घालत होती. मिठागरात कोरड्या जागी त्या अंडी घालतात आणि माणूस जवळ गेलं की जीव तोडून ओरडतात. तीही ओरडत होती. इतकी की मला बोलताना आवाज चढवावा लागत होता. हे मान वर करून तिच्याकडे बघत होते. बराच वेळ. मग अगदी सहज, कुतूहलाने म्हणाले,

"ही टिटवी ओरडत का नाही गं?"

माझ्या हातात रिकामा डबा होता. मी तो खाली ठेवला. टिटवी ओरडतच होती. मी त्यांच्या मागे गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अहो." ते वर बघत राहिले. जरा मोठ्याने म्हणाले. मग माझ्या बांगड्या वाजवल्या. त्यांच्या मानेवर मिठाचे बारीक कण चमकत होते, ते मला आजही दिसतात. मी समोर आले तेव्हा त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

"ओरडतेय का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"बारीक आवाज जातात आधी," ते म्हणाले. "तोफेजवळ सगळ्यांचंच होतं. कापूस घालायचो कानात. बापयांचं, म्हणजे जाड आवाजाचं बोलणं येतं अजून. बाबांचं तर चांगलं येतं. तुझं समोर असलीस की कळतं."

"आणि शोभाचं?"

ते शोभाकडे बघायला लागले. ती आम्हाला हात करून काहीतरी दाखवत होती, ओरडून काहीतरी सांगत होती.

"तिकडे सांगितलं का नाही? निघताना? डॉक्टर असतील ना?"

"सांगितलं असतं तर इस्पितळात ठेवून घेतलं असतं. किती महिने, कोण सांगणार? इथे हजर व्हायची मुदत गेली असती."

मी डोक्यातल्या डोक्यात सगळं पुन्हा मांडून बघितलं. तिकडे सांगितलं असतं तर इकडचं जातं. इकडचं धरायचं तर तिकडे गप्प राहायचं. स्वतःच्या मर्जीने नोकरी सोडली, त्यामुळे कानांबद्दल आता तिकडे बोलायला जागा नाही. आणि इकडे मेडिकल बाकी. चारही बाजूंनी फिरून मी त्याच बांधावर येऊन उभी राहत होते. हिशेब चुकला असता तर दुरुस्त केला असता. तो कुठेच चुकला नव्हता.

घरी नारायणभावजींना सांगितलं. त्यांना सांगणं भाग होतं, मेडिकलला तेच बरोबर जाणार होते. ते म्हणाले, "म्हंजे त्या म्हाताऱ्याचं दादाला ऐकूच आलं नवतं?" टपरीवरचा तो मोठेपणा त्यांनी गावभर सांगितला होता.

मला हातावर हात ठेवून बसता येत नाही. मी तयारी घ्यायची ठरवली. डॉक्टर काय विचारील, कोणत्या क्रमाने विचारील. भावजींना डॉक्टर केलं. ते पालथ्या टोपलीवर ऐटीत बसले, गळ्यात शोभाची उडी मारायची दोरी.

"नाव सांगा मिलिटरी. जीभ काडा. अरे बाप रे, ही तर पूर्ण तोफ हाय! वैनी, यांना कामावर घेऊ नका, कारखाना उडंल."

हे हसत होते. समोरच्या माणसाचं त्यांना सगळं कळत होतं, ओठ बघून, चेहरा बघून. नाव, वय, गाव, आजार, चष्मा, व्यसन, पुन्हा पुन्हा. शोभा टाळ्या वाजवत होती, घरात कितीतरी दिवसांनी एवढं हसू होतं. मला वाटलं, जमेल. डॉक्टर टेबलापलीकडे बसणार, हे अलीकडे, दोघांची तोंडं समोरासमोर. यात न जमण्यासारखं काय आहे?

मेडिकलच्या दिवशी पहाटेची एसटी पकडून दोघं भाऊ पनवेलवरून तळोज्याला गेले. मी शाळेत गेले. तिसरीला बेरजा घातल्या आणि स्वतःच चुकीची उत्तरं फळ्यावर लिहिली. संध्याकाळी भावजी आधी आले. यांना टपरीपाशी लोकांनी थांबवलं होतं. भावजी दारातच म्हणाले,

"वैनी, तो डाक्टर मागं गेला."

बाकावर बसून उघड्या दारातून त्यांनी सगळं बघितलं होतं. प्रश्न झाले, उत्तरं फटाफट आली. मग डॉक्टर उठला, यांच्या पाठीमागे गेला, म्हणाला, ऐकू आलं की हात वर करा. कुजबुजला. घड्याळ धरलं. चमचा वाजवला. "दादा सावधानमध्ये उभा. असा ताठ. मना वाटलं मीच हात वर करावा." मग डॉक्टर आतल्या साहेबांकडे गेला. साहेब बाहेर आले. जमीन गेलेल्या घरातला माणूस परत पाठवला तर गावं गेटवर येऊन बसतील, असं काहीतरी त्यांचं झालं. आणि साहेब म्हणाले, "कंप्रेसरला घ्या याला. तिथं कान असलेल्यांना तरी कुठं काय ऐकू येतंय?" सगळे हसले. साहेब हसले, डॉक्टर हसला. "समोर हसत व्हते ना, म्हनून दादापन हसला," भावजी म्हणाले आणि माझ्याकडे न बघता आत गेले.

कंप्रेसर हाउसला कुणी टिकत नसे, हे आम्हाला नंतर कळलं. कानात दडे बसतात, डोकं धरतं, म्हणून माणसं बदली मागून घेत. यांना तिथे नुकसान व्हायला आता फार उरलेलं नाही, असा तो विचार. आणि खोटं तरी कसं म्हणायचं?

हे आले तेव्हा हातात पेढे होते. आधी वडिलांच्या हातावर ठेवला, मग देवापुढे, मग माझ्या.

"कसली जागा आहे?" मी समोर उभी राहून विचारलं.

"मोठी मशिनं आहेत. त्यांच्याकडे बघायचं, काटे बघायचे, तेल बघायचं."

"आवाज फार असेल."

ते म्हणाले, "मला तर बरा वाटला. बऱ्याच दिवसांनी काहीतरी नीट ऐकू आलं."

मी माझ्या हातावरचा पेढा शोभाला दिला.

मी चौकशी करायची तेवढी केली. फौजेत परत घेतात का? एकदा नाव कमी झालं की नाही. तळोज्याला नको म्हटलं तर दुसरीकडे देतात का? नाही. भावजींचं नाव आता तरी? नाही. एक दिवस चुलीपाशी भावजी म्हणाले, "वैनी, पयल्यापासून माजं नाव असतं तं?" मी भाकरी थापता थापता म्हणाले, "तर तुम्हाला तिथे कुठलं काम दिलं असतं कुणास ठाऊक. कदाचित तुमचे कान गेले असते." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ चावली. मग तेच हळूच म्हणाले, "माजे जाऊ दे की. माजं कोन बोलतंय माज्याशी!" आणि हसायला लागले. त्यांचं लग्न व्हायचं होतं तेव्हा.

सासऱ्यांना मी विचारणार नव्हते. पण हंगाम संपत आला, राशी गवताने शाकारायचं काम चाललं होतं, हे कामावर जायला लागले होते म्हणून मदतीला मी होते. वरून गवताच्या पेंढ्या ते लावत होते, खालून मी देत होते. त्यांचे ते भेगांचे पाय माझ्या डोळ्यांसमोर होते. माझ्या तोंडून निघून गेलं.

"बाबा, तेव्हा नारायणभावजींचं नाव का नाही घातलंत?"

ते बराच वेळ गवत दाबत राहिले. मला वाटलं, यांनाही ऐकू आलं नाही.

"लढाई चालली व्हती ना गं तवा," ते म्हणाले. "पाकिस्तानची. दामाचं पत्र नाय, काय नाय. रेडिओवर रोज काय काय सांगत. आनि तो साहेब आला, बोलला, वारसाचं नाव सांग, एकाचंच. धाकट्याचं सांगलं असतं तं काय झालं असतं? थोरला नाय, असंच झालं असतं ना? मी कसं सांगू?" त्यांनी हात पुढे केला, मी पेंढी दिली. "मी त्याचंच नाव सांगलं. म्हंजे त्याला परत यावंच लागंल."

वारा सुटला होता, गवत उडत होतं. त्यांनी वरून माझ्याकडे बघितलं.

"आला ना परत?"

हो म्हणाले मी. दुसरं काय म्हणणार होते? त्या लढाईत आमच्या ओळखीतला एक जण परत आला नव्हता. त्याची बायको मी पाहिली होती. हे आले होते, दोन पायांवर, हातात पेढे घेऊन. या माणसावर रागवायचं कसं आणि कुठल्या तोंडाने? मी पेंढ्या देत राहिले. आयुष्यात इतकी कामं केली, पण कुणालाही बोल न लावता काम करत राहायचं हे मी त्या दुपारी केलं आणि तेच सगळ्यांत जड होतं.

त्यानंतर तिथे मीठ पिकलं नाही. पावसाळ्यानंतर डंपर आले, डोंगराचा लाल मुरूम वाफ्यांत पडला. उघाडीची फळी सासऱ्यांनी काढून आणली आणि पडवीत उंबऱ्याशी टाकली. तिच्यावर पाय आपटला की आत बसलेल्या यांना कळायचं, शेणाने सारवलेल्या जमिनीतून ते पोचायचं. शोभाने तीच सवय लावून घेतली. बापाला हाक मारायची तर धप्प करून उडी. सासऱ्यांचा जाड आवाज त्यांना शेवटपर्यंत ऐकू येत होता. ते गेल्यावर घरात यांना ऐकू येईल असं कुणी बोलणारं राहिलं नाही.

कंपनीत ते चांगले आहेत. एकही खाडा नाही, तक्रार नाही. तिथेही कानात घालायला कापूसच देतात. सगळे त्यांना फौजी म्हणतात. शाळेत झेंडावंदनाला माजी सैनिकांना खुर्च्या मांडतो तेव्हा मी त्यांना बोलवत नाही, कारण त्यांनी ते नको म्हणून सांगितलंय. नोकरी पूर्ण केली नाही मी, म्हणतात. पेटीवरचा नंबर मात्र अजून पुसलेला नाही. त्या पेटीत आता गाद्यांच्या जादा खोळी असतात.

मी भरभर बोलणारी. आता मला सगळं सावकाश बोलावं लागतं, तोंड नीट उघडून, त्यांच्यासमोर उभं राहून. त्यामुळे फक्त कामाचं तेवढं बोललं जातं. बाजारातून काय आणायचं, शोभाच्या कॉलेजचं काय, लाइटवाला कधी येणार. ज्या गोष्टी माणूस पाठमोरं असताना, काहीतरी करता करता, उगाच बोलतं, त्या आमच्यात राहिल्याच नाहीत. सुरुवातीला मी त्या मनात साठवायचे, शटडाउनला सांगू म्हणून. शटडाउन यायचं आणि मला एकही आठवायची नाही.

आज दुपारी गाद्या वर टाकून आले, यादीवर रेघ मारली. हे गॅलरीत. समोरच्या प्लॉटवर खडीत टिटवीने अंडी घातली आहेत. सोसायटीची मुलं क्रिकेटचा चेंडू आणायला गेली की ती उठते आणि सगळ्या इमारतींवरून ओरडत फिरते. आजही ओरडत होती. हे मान वर करून तिच्याकडे बघत होते.

"ओरडतेय," ते म्हणाले.

चमत्कार होतात असं मी मानत नाही, तरी दारातूनच विचारलं, "ऐकू येतं तुम्हाला?" अर्थात ते पोचलं नाही. मी जमिनीवर पाय आपटला. ही फ्लॅटची फरशी, सिमेंटवर बसवलेली, हिच्यातून काही पोचत नाही, हे मला इतकी वर्षं माहीत आहे, तरी आपटला. मग मी जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि पुन्हा विचारलं.

"छे," ते म्हणाले. "चोच उघडी आहे ना."

मला आणखी काहीतरी म्हणायचं होतं. ते कामाचं नव्हतं. मी तोंड उघडलंही. पण मी नेमकी मध्ये आले होते आणि त्यांना टिटवी दिसत नव्हती. खुर्चीतून जरासे बाजूला झुकून ते माझ्या पलीकडे आभाळात तिला शोधत होते.

मी बाजूला झाले.